शिक्षकांच्या मनाची दमछाक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेसाठी कार्यवाहांचे पत्र आले, तेव्हा 'शिक्षण' या विषयाच्या कक्षेत राहून कशावरही बोलावे, अशी मोकळीक त्यांनी मला दिली होती. मुलांची एकाग्रता, स्पर्धा परीक्षांची तयारी, संस्कार यांवर आपल्याकडे व्याख्याने वारंवार होतात आणि ती व्हावीतही. परंतु वर्गात मुलांसमोर जो उभा असतो त्याच्या मनात काय चालले आहे, हे आपण सहसा विचारीत नाही. माध्यमिक शाळेत चौतीस वर्षे काढल्यानंतर, त्यांतली शेवटची नऊ मुख्याध्यापकाच्या खुर्चीत घालवल्यानंतर, माझे असे मत झाले आहे की हा प्रश्न न विचारल्यामुळे आपल्या मुलांचे जेवढे नुकसान होते, तेवढे अभ्यासक्रमातल्या दोषांमुळेही होत नसेल. म्हणून आजचा विषय शिक्षकांच्या मनाची दमछाक. इंग्रजीतला 'बर्नआउट' हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करतो. दमणे वेगळे आणि ही दमछाक वेगळी. सहा तास उभे राहून शिकवले की माणूस दमतो. घरी येतो, चहा घेतो, रात्री झोपतो आणि सकाळी ताजा होतो. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात तर शिक्षक अक्षरशः कोसळतात, पण त्या थकव्यात एक प्रकारचा आनंद असतो. दमछाक झालेल्या शिक्षकाला मात्र दिवाळीची सुट्टी पुरत नाही. सुट्टी संपण्याच्या तीन दिवस आधीच त्याच्या छातीवर दगड ठेवल्यासारखे होते. शाळेचे फाटक दिसले की पाऊल जड होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा माणूस आळशी वाटतो. 'पाट्या टाकतो' असा शेरा आपण मारतो आणि मोकळे होतो.

या अवस्थेला शास्त्रीय चर्चेत स्थान मिळाले ते १९७४ मध्ये. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्क शहरात होते. दिवसा स्वतःचा व्यवसाय करून संध्याकाळी ते गरिबांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका मोफत दवाखान्यात काम करीत. तेथील बरेचसे कार्यकर्ते स्वेच्छेने आलेले, ध्येयाने भारलेले तरुण होते. काही महिन्यांनी त्यांच्यापैकी अनेकांची उमेद मावळत जाते, चिडचिड वाढते, ज्या रुग्णांसाठी आलो त्यांचाच तिटकारा वाटू लागतो, हे त्यांनी टिपले आणि स्वतःच्या बाबतीतही अनुभवले. आग लागून आतून जळून गेलेली, पण बाहेरच्या भिंती उभ्या असलेली इमारत, ही उपमा त्यांनी पुढे या अवस्थेला दिली. येथे एक गोष्ट आपण, विशेषतः सामाजिक संस्थांत काम करणाऱ्यांनी, लक्षात घ्यावी. हा प्रकार प्रथम ओळखला गेला तो कामचुकारांमध्ये नव्हे, तर सेवाभावाने आलेल्यांमध्ये. जो पेटलेलाच नव्हता तो विझणार तरी कसा?

त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्रिस्टिना मॅस्लाक यांनी परिचारिका, समाजसेवक, शिक्षक अशा माणसांशी माणूस म्हणून वागावे लागणाऱ्या व्यवसायांचा अभ्यास केला आणि सुझन जॅक्सन यांच्यासमवेत १९८१ मध्ये ही अवस्था मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात तीन गोष्टी तपासल्या जातात. पहिली, भावनिक शोष. देण्यासारखे आत काही उरलेच नाही असे वाटणे. दुसरी, समोरच्या माणसाचे माणूसपण दिसेनासे होणे. तिसरी, आपल्या कामाने काही साधते आहे हा विश्वास नाहीसा होणे.

यांतली दुसरी गोष्ट मला सर्वांत चिंतेची वाटते, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. शिक्षक दमला तर आपण समजून घेऊ; पण शिक्षक जेव्हा 'या वर्गात शिकवण्यासारखे कोणीच नाही' असे शिक्षकखोलीत सहज बोलून जातो, मुलाला नावाऐवजी हजेरी क्रमांकाने ओळखू लागतो, एखाद्या मुलाचे वडील वारल्याचे कळूनही वहीची अपूर्णता आधी विचारतो, तेव्हा आपल्याला त्याचा राग येतो. राग येणे स्वाभाविकही आहे. परंतु पुष्कळ वेळा हा कोरडेपणा म्हणजे मनाने स्वतःच्या बचावासाठी घातलेले चिलखत असते. रोज पंचावन्न मुलांच्या पंचावन्न अडचणी आत घेणे ज्याला झेपेनासे झाले, तो हळूहळू दार लावून घेतो. मुलांना ते लावलेले दार लगेच कळते. आपल्या मुलाने घरी येऊन 'सर आमच्याकडे बघतच नाहीत' असे सांगितले, तर त्या वाक्याकडे दुर्लक्ष करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारली, तिच्यात बर्नआउटची नोंद आहे. मात्र तेथे त्याला आजार म्हटलेले नाही. नीट हाताळला न गेलेला, कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण, अशी त्याची मांडणी आहे. या मांडणीमुळे प्रश्नाचे तोंडच बदलते. दोष माणसात शोधण्याआधी कामाच्या जागेत शोधावा लागतो.

माझ्या परिचयातल्या एका विज्ञान शिक्षिकेचे उदाहरण सांगतो. नाव अर्थातच सांगणार नाही. फुलाचे भाग शिकवायचे असले की या बाई सकाळी घरून पिशवीभर जास्वंदीची फुले आणीत. प्रत्येक बाकावर एक फूल, एक ब्लेड, एक कोरा कागद. कुंक्षी, परागकोश, बीजांड हे शब्द मुलांना पाठ करावेच लागत नसत. नोकरीच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी त्यांच्याकडे परीक्षा विभाग आला, मग शिष्यवृत्तीचे अर्ज आले, मग विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांची ऑनलाइन नोंदणी आली. त्यांनी कशालाच नकार दिला नाही. दुसऱ्या वर्षी फुले आली नाहीत. फळ्यावर आकृती आली. तिसऱ्या वर्षी आकृतीही आली नाही. 'पाठ्यपुस्तकातली पाहून घ्या' एवढेच. कुणाची तक्रार नव्हती, कारण निकाल चांगला लागत होता. पिशवी रिकामी आली हे त्यांच्या एका सहकारी शिक्षिकेच्या ध्यानात आले. तिने ते बोलून दाखवले, तेव्हा बाई शिक्षकखोलीत सर्वांसमोर रडल्या. पुढच्या वर्षी परीक्षा विभाग दुसऱ्याकडे गेला, अर्ज भरण्याचे काम कार्यालयाने घेतले आणि दोन वर्षांनी जास्वंदी परत आल्या. फार मोठे मानसोपचार त्यासाठी लागले नाहीत. ज्या कामासाठी त्या आल्या होत्या ते काम त्यांना परत मिळाले, इतकेच.

आता कामाच्या भाराचा हिशेब पाहू. आपल्यापैकी बहुतेक जण व्यापारी आहेत. हिशेब आपल्याला चटकन कळतो. भाषेच्या शिक्षकाकडे पाच तुकड्या आणि प्रत्येकीत ५५ मुले धरली, तर वह्या झाल्या २७५. एका वहीला दोनच मिनिटे दिली तरी ५५० मिनिटे, म्हणजे नऊ तासांहून अधिक. आणि दोन मिनिटांत निबंध तपासून होत नाही, सही होते. हे नऊ तास शाळेच्या वेळापत्रकात कोठे आहेत? कोठेच नाहीत. ते रात्री जेवणानंतर आहेत, रविवारी सकाळी आहेत. जो एक 'ऑफ तास' मिळतो, तोही कुणी रजेवर असले की बदली तास होऊन जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तास कामाचे धरले आहेत आणि त्यांत तयारीचा वेळही गृहीत धरलेला आहे. म्हणजे तयारी हे काम आहे, हे कायद्याला मान्य आहे. शाळांच्या वेळापत्रकांना ते अजून मान्य व्हायचे आहे.

त्याच कायद्याच्या २७ व्या कलमात असे म्हटले आहे की दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना शिक्षणेतर कामे देऊ नयेत. हे अपवाद राष्ट्रकार्य म्हणून समजण्यासारखे आहेत, जरी मतदारयाद्यांचे काम घेऊन दारोदार फिरणाऱ्या शिक्षकाच्या वर्गाचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याहून अधिक वेळ जातो तो रोजच्या माहितीत. शालेय पोषण आहारात आज किती मुले जेवली याची नोंद, 'सरल'मधील माहिती, 'यू-डायस'मधील माहिती, कार्यक्रमाचे छायाचित्र, छायाचित्र पाठवल्याचा अहवाल. एकच माहिती तीन ठिकाणी तीन प्रकारे मागितली जाते. कष्टाने माणूस जितका खचतो, त्याहून अधिक निरर्थक कष्टाने खचतो.

२०२० च्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर गेले. त्या काळात शिक्षकांनी जे केले त्याचे मोल मोठे आहे. पण शाळा पुन्हा उघडल्या तरी ते व्हॉट्सअॅप गट बंद झाले नाहीत. रात्री साडेदहाला 'उद्या चित्रकलेची वही आणायची का?' असा प्रश्न येतो. सकाळपर्यंत उत्तर आले नाही, तर तक्रार मुख्याध्यापकांकडे जाते. पूर्वी शिक्षकाची शाळा घंटेबरोबर सुटत असे. आता ती उशाशी येऊन झोपते.

आणखी एक श्रम आहे, जो कोणत्याच नोंदवहीत दिसत नाही. आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातील परिचारिकांच्या कामाचा अभ्यास करून १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. मनात काहीही असले तरी चेहऱ्यावर नेमकी भावना धारण करणे, हाही कामाचा भाग असतो आणि तो थकवतो. शिक्षकाला हे दिवसातून सात-आठ वेळा करावे लागते. घरी आई आजारी आहे, पण सातवी 'ब'मध्ये हसतमुखाने शिरायचे आहे. आधीच्या तासाला एका मुलाने उद्धट उत्तर दिले, पण त्याचा राग पुढच्या तुकडीवर काढायचा नाही.

आता थोडे अवघड बोलतो. विश्वस्त मंडळींनी रागावू नये. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षे मानधनावर काम, मग वेतनश्रेणी. प्राथमिकला ते मानधन सुरुवातीस महिना ३,००० रुपये होते; २०२३ मध्ये ते १६,००० झाले. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांची कथा याहून कठीण. 'कायम विनाअनुदानित' यातला 'कायम' शब्द २००९ मध्ये निघाला, पण अनुदानाची वाट पाहण्यात कित्येकांची ऐन उमेदीची वर्षे गेली. कोणी सुट्टीत शेतात राबले, कोणी रात्री दुसरे काम केले. काही खाजगी शाळांत तर सही एका आकड्यावर घेतली जाते आणि हातात दुसराच आकडा पडतो. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या एका नातेवाईक मुलीने अशा शाळेत पाच वर्षे काढली. तिचे म्हणणे असे की पैसे कमी मिळतात याचे दुःख सोसता येते, पण दर महिन्याला खोट्या आकड्यावर सही करून लगेच वर्गात जाऊन प्रामाणिकपणाचा धडा शिकवायचा, हे सोसत नाही. ती आता शिकवीत नाही. मॅस्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी दमछाकीची जी कारणे सांगितली, त्यांत कामाच्या भाराबरोबरच अन्याय आणि मूल्यांची ओढाताण यांनाही स्थान आहे. या मुलीने ती पुस्तके वाचलेली नव्हती.

अशा वेळी आपल्याकडून एक वाक्य हमखास येते: 'शिक्षकी पेशा हे व्रत आहे.' मला हे वाक्य प्रिय आहे, पण ते कोण कोणाला ऐकवतो आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. व्रत घेणाऱ्याने स्वतः घ्यायचे असते. दुसऱ्याला व्रत लावून देता येत नाही. आणि आपण सारे ज्या परंपरेत वाढलो तिच्यात तर ही गोष्ट फार काटेकोरपणे सांगितली आहे. सोळा कारण भावनांमध्ये त्याग आहे आणि तपही आहे. पण दोन्हींना 'शक्तीनुसार' ही अट जोडलेली आहे. उपवासाचे पच्चक्खाण देतानाही प्रकृती विचारली जाते. मग शिक्षकाच्या प्रकृतीची चौकशी न करता त्याच्याकडून आजन्म तपाची अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

उपायांकडे वळतो. आजकाल एक दिवसाचे तणावमुक्ती शिबिर घेण्याची पद्धत पडली आहे. प्राणायाम, दोन खेळ, अल्पोपाहार, प्रमाणपत्र. प्राणायामाला माझा विरोध नाही. मी स्वतः रोज करतो. परंतु हे शिबिर बहुधा रविवारी असते आणि उपस्थिती सक्तीची असते! सोमवारी तोच माणूस त्याच वेळापत्रकात परत जातो. नळ वाहता ठेवून फरशी पुसण्यासारखा हा प्रकार आहे.

वेळापत्रकच बदलता येते काय? येते. इंग्लंडमध्ये २००३ मध्ये सरकार आणि बहुतेक शिक्षक संघटना यांच्यात करार झाला. छायाप्रती काढणे, पैसे गोळा करणे, याद्या करणे अशी कारकुनी कामे शिक्षकांकडून काढून सहायकांकडे द्यावीत, असे ठरले. २००५ च्या सप्टेंबरपासून प्रत्येक शिक्षकाला शिकवण्याच्या वेळेच्या किमान दहा टक्के वेळ तयारीसाठी आणि तपासणीसाठी शाळेच्या वेळातच मिळू लागला. त्याने तिथले सर्व प्रश्न सुटले असे मुळीच नाही. तेथेही शिक्षक नोकरी सोडतातच. पण तयारीचा वेळ हा शिक्षकाचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, हे तत्त्व कागदावर आले.

आपल्या आवाक्यातले सांगायचे तर, शाळासमितीने ठरवावे की प्रत्येक शिक्षकाचा आठवड्यातला एक तरी ऑफ तास कोणत्याही कारणास्तव बदली तास होणार नाही. जवळच्या दोन लहान शाळांनी मिळून एक माहिती नोंदणारा मदतनीस ठेवावा. एखाद्या समारंभाच्या मंडपखर्चात त्याचे बरेच मानधन निघेल. सर्व वह्या दर आठवड्याला तपासण्याचा आग्रह सोडून प्रत्येक आठवड्याला एका तुकडीच्या वह्या मनापासून तपासाव्यात. लाल शाईच्या दोनशे पंचाहत्तर सह्यांपेक्षा पंचावन्न मुलांना लिहिलेली दोन-दोन वाक्ये अधिक शिकवतात. परीक्षा विभाग, सहल, स्नेहसंमेलन ही कामे दरवर्षी त्याच 'होतकरू' शिक्षकाच्या गळ्यात पडतात. ती फिरती ठेवावीत. चांगल्या बैलालाच जास्त ओझे, ही रीत शाळेत फार आहे.

आणखी एक गोष्ट, जी व्यासपीठावरून बोलायला संकोच वाटतो, पण बोलली पाहिजे. कित्येक शाळांत शिक्षिकांसाठी स्वच्छ, कडी लागणारे, पाणी असलेले प्रसाधनगृह नाही. त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. मूत्रमार्गाचे विकार जडतात, त्यात सतत बोलून घसा बसतो. मनाच्या दमछाकीची चर्चा करताना हे शरीराचे हाल आधी थांबवावेत. देणगीदारांनी वर्गखोलीवर नाव जरूर लावावे, पण एखाद्याने या खोलीचाही खर्च उचलावा. पाटी लावायला कोणी संकोचू नये.

मुख्याध्यापकाची भूमिका येथे फार मोलाची आहे. पालकाची तक्रार आली असता शिक्षकाला पालकासमोरच बोलावून झापणारा मुख्याध्यापक असला की त्या शाळेत शिक्षक जपून वागू लागतात. आणि जपून वागणारा शिक्षक कधीही जास्वंदीची फुले आणीत नाही. नवीन शिक्षकांकडे अधिक लक्ष हवे. पहिल्या दोन वर्षांत त्यांना सर्वांत दांडगट तुकडी देण्याची प्रथा बंद करावी. त्यांच्या सोबतीला एखादे अनुभवी सर किंवा बाई द्याव्यात, तपासणीसाठी नव्हे, तर बोलण्यासाठी.

शिक्षक बंधुभगिनींनाही दोन शब्द. 'नाही' म्हणायला शिका. नम्रपणे, कारण सांगून, पण म्हणा. व्हॉट्सअॅप गटावर वेळ लिहून ठेवा आणि पाळा. शाळेबाहेर काहीतरी असे असू द्या, ज्यात तुमचे मूल्यमापन होत नाही. भजन असो, बाग असो की नुसते चालणे. आणि एक भेद ध्यानात ठेवा. शाळेविषयीचा उबग एवढेच असेल तर ती दमछाक. परंतु घरचे, आवडीचे, देवाधर्माचे काहीच नकोसे वाटू लागले, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर वैद्यकीय उपचार आहेत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो आणि त्याला शुल्क नाही. हा आकडा कृपया लिहून घ्या. मागच्या रांगेतल्या मंडळींसाठी पुन्हा सांगतो, १४४१६.

पालकांकडे माझी मागणी छोटी आहे. पालकसभेला जाताना मुलाच्या गुणांविषयी प्रश्न विचारालच; त्याबरोबर शिक्षकांना एक प्रश्न विचारा: 'यंदा तुमच्याकडे किती तुकड्या आहेत?' उत्तर ऐकून घ्या. आणि एखादा धडा मुलाला आवडला असेल तर मुलाच्या हाताने दोन ओळी लिहून वहीतून पाठवा. भेटवस्तू नको. माझ्याकडे अशा चिठ्ठ्यांचा एक डबा आहे. सेवानिवृत्तीच्या समारंभातली शाल कोठे ठेवली ते मला आठवत नाही, पण तो डबा कपाटात कोठे आहे हे मी डोळे मिटून सांगेन.

वेळेची घंटा कार्यवाहांनी एकदा वाजवली आहे. सभेत काही शिक्षक आहेत, काही शाळासमितीचे सदस्यही आहेत. उरलेली दहा मिनिटे त्यांच्यासाठी ठेवतो. आधी शिक्षकांनी बोलावे आणि समितीने ऐकावे, एवढीच विनंती.